रंग काढून टाकले की फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो का?

(स्क्रीनवर दोन कृष्णधवल फोटो, शेजारी शेजारी)

नमस्कार मंडळी. हे दोन फोटो जरा नीट बघा. बाई तीच, उजेड तोच, क्षणही तोच. अंगावर हिरवीगार नऊवारी, तिला लाल काठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. डावीकडच्या फोटोत कुंकू काळंकुट्ट आहे, काठही काळा, आणि साडी फिकट राखाडी. उजवीकडे उलटं झालंय. साडी काळपट, काठ उजळ, आणि कुंकू? ते चक्क शोधावं लागतंय. दोन्ही फोटो एकाच फाइलमधून तयार केलेत.

मग यातला खरा ब्लॅक अँड व्हाइट कोणता?

चार फोटोग्राफर जमले आणि हा विषय निघाला की वाद ठरलेला. कुणी म्हणतं, फिल्मवर काढला तोच खरा, डिजिटल म्हणजे रंग पुसलेला रंगीत फोटो. कुणी म्हणतं, रंग दिसत नाही ना, झालं तर मग! मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. माझं म्हणणं असं की कुठल्या रंगाला किती काळं आणि किती उजळ करायचं, हे जिथे कुणीतरी विचार करून ठरवलंय तो खरा ब्लॅक अँड व्हाइट. मग तो फिल्मवर असो नाहीतर मोबाइलवर. असं का म्हणते, ते आता दाखवते.

सुरुवात डिजिटलपासूनच करू, कारण सगळा राग त्याच्यावर आहे.

(स्क्रीनवर सेन्सरवरच्या रंगीत चौकटींची आकृती)

तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळतच नाही. तो सिलिकॉनचा तुकडा फक्त उजेड मोजतो, कुठे जास्त आणि कुठे कमी, इतकंच. रंग येतो तो त्याच्यावर बसवलेल्या बारीक गाळण्यांमुळे. कोडॅकमधले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी ही रचना शोधली आणि 1976 मध्ये तिचं पेटंट मिळालं. चार पिक्सेलांचा एक चौकोन घ्यायचा, त्यात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 12 दशलक्ष पिक्सेल हिरवा उजेड मोजतात, 6 दशलक्ष लाल आणि 6 दशलक्ष निळा. प्रत्येक पिक्सेलला एकाच रंगाची माहिती असते, बाकीचे दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने भरले जातात. तेव्हा 'डिजिटल मुळात रंगीत' हे बरोबर नाही. ते मुळात रंगहीन आहे, रंग आपण वरून घातलाय.

आता फिल्म. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. उजेड पडलेले कण डेव्हलपर नावाच्या रसायनात काळी चांदी होतात, न पडलेले हायपो नावाच्या दुसऱ्या रसायनात धुऊन जातात. निगेटिव्ह सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर तिथे राखाडी असं काही नसतंच. काळे कण आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. दाट कण म्हणजे गडद राखाडी, विरळ कण म्हणजे फिकट. वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोंचंही तेच. शाई एकच, काळी. लहान-मोठे ठिपके डोळ्याला राखाडी वाटतात. आपले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोग्राफी आणि फोटोंचे ब्लॉक बनवून छापण्याच्याच धंद्यात होते, हे ठिपक्यांचं गणित त्यांच्या रोजच्या कामातलं.

पण फिल्म जे दाखवते ते 'जसं होतं तसं' असतं का? अजिबात नाही. आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा थांबते.

चांदीचे क्षार स्वभावतः फक्त निळ्या, जांभळ्या आणि अतिनील उजेडाला दाद देतात. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंमध्ये आकाश कोरं पांढरं असतं. ढग होते हो, पण निळं आकाश आणि पांढरा ढग दोन्ही त्या काळच्या काचेच्या प्लेटवर सारखेच जळायचे, म्हणजे कोरे पांढरे उमटायचे. फ्रान्समधले गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना यावर तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि दोन्ही जोडून एक प्रिंट. शुद्ध फोटोची शपथ घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, ही जोडणी फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधीची आहे.

पुढे 1873 मध्ये बर्लिनमध्ये हर्मन फोगेल यांच्या लक्षात आलं की प्लेटमध्ये योग्य रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरव्या उजेडालाही दाद देते. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि पुढे फिल्म आली. तिला निळं दिसतं, हिरवं दिसतं, लाल मात्र दिसत नाही. लाल म्हणजे तिच्या लेखी अंधार.

(पुन्हा डावीकडचा फोटो, कुंकवाचा क्लोजअप)

आता या फोटोकडे परत बघा. कुंकू काळं, काठ काळा, साडी उजळ. ही ऑर्थो फिल्मची नजर आहे. आपल्याकडच्या त्वचेत तांबूस छटा भरपूर असते, त्यामुळे ती फिल्म आपल्या लोकांना प्रत्यक्षापेक्षा सावळं दाखवते. घरात खूप जुना, पणजी-खापरपणजीचा स्टुडिओतला फोटो असेल आणि त्यात कुंकू काळं ठिक्कर दिसत असेल, तर दोष ना कुंकवाचा ना फोटोग्राफरचा. प्लेटला लाल दिसत नव्हतं, एवढंच. डार्करूममध्ये तांबडा दिवा चालतो तोही याच कारणाने, कारण साध्या ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपरलाही लाल दिसत नाही.

सगळे रंग पाहणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने 1906 मध्ये ती विकायला काढली. हिच्यासमोर तांबडा दिवाही चालत नाही, सगळं काम मिट्ट काळोखात.

म्हणजे फिल्मच्या तीन जाती, आणि एकाच दृश्याची तीन रूपं. यातली खरी कुठली? तिन्ही खऱ्या, कारण तिन्ही उजेडाच्याच खुणा आहेत. आणि तिन्हींत कुणाची तरी निवड आहे, आधी प्लेट बनवणाऱ्याची, मग ती विकत घेणाऱ्याची.

पॅनक्रोमॅटिक आल्यावर निवड फोटोग्राफरच्या हातात आली, ती लेन्ससमोरच्या रंगीत फिल्टरमुळे. नियम साधा आहे. फिल्टर आपल्याच रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळवंडतं आणि ढग उठून दिसतात. हिरवा लावला की झाडी खुलते. उजवीकडचा फोटो म्हणजे लाल फिल्टरची नजर. कुंकू आणि त्वचा दोन्ही उजळली आणि एकमेकांत मिसळून गेली.

याचं मला सर्वात भावणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एप्रिल 1927, योसेमिटीची दरी. निसर्गाचे फोटो काढणारे प्रसिद्ध फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर कॅमेरा लावून उभे आहेत. काचेच्या प्लेट्स संपत आलेल्या. त्यांनी पिवळा फिल्टर लावून एक फोटो घेतला आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं की यात आकाश फिकट येणार, कडा बघताना मनात जे भारलेपण होतं ते येणार नाही. मग शेवटच्या प्लेटवर त्यांनी गडद लाल फिल्टर लावून फोटो घेतला. त्यात आकाश जवळजवळ काळं आहे आणि कडा अंगावर येतो. त्या दुपारी योसेमिटीचं आकाश काळं नव्हतं. तरी त्या फोटोला कुणी खोटा म्हणत नाही. मग कॉम्प्युटरवर स्लायडर सरकवून आकाश गडद करणाऱ्या पोराला आपण खोटारडा कोणत्या तोंडाने म्हणायचं?

फिल्मच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. इल्फर्डची एक्सपी 2 सुपर ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रंगीत रोलच्या केमिकलमध्ये, सी-41 मध्ये धुतात. त्यात शेवटी चांदी काढून टाकली जाते आणि उरतात ते रंगद्रव्याचे ढग. चांदी नाही म्हणून ती खोटी? माझ्या मते मुळीच नाही.

आता दुसरी बाजू, खास ब्लॅक अँड व्हाइटसाठीच बनवलेला कॅमेरा हवा म्हणणाऱ्यांची, आणि ही मनापासून मांडते, कारण त्यांच्या म्हणण्यातही दम आहे. लायकाने 2012 मध्ये एम मोनोक्रोम आणला, पेंटॅक्सने 2023 मध्ये के-3 मार्क थ्री मोनोक्रोम. या कॅमेऱ्यांत त्या रंगीत गाळण्या बसवलेल्याच नाहीत. प्रत्येक पिक्सेल पूर्ण उजेड मोजतो, शेजाऱ्याकडून काही उसनं घ्यावं लागत नाही. कापडाचा पोत, डोळ्यांच्या पापण्या जास्त स्पष्ट येतात. उजेडही जास्त पोचतो. लायकाच्या रंगीत एम 9 चा मूळ आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याचं माप, 160 होता, त्याच पिढीतल्या मोनोक्रोमचा 320.

पण किंमत मोजावी लागते, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. पांढरा भाग एकदा जळला, म्हणजे जास्त उजेडाने कोरा झाला, की तो गेलाच. रंगीत सेन्सरमध्ये लाल जळला तरी निळ्यात थोडी माहिती शिल्लक असते, इथे ते नाही. आणि लाल-हिरव्याची निवड फोटो काढण्याआधीच, काचेचा फिल्टर लावून करावी लागते. नंतर मत बदललं तर उपाय नाही. ॲडम्स यांच्यासारखं आधीच ठरवावं लागतं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. पण ती शिस्त साध्या कॅमेऱ्यानेही पाळता येते, लाखो रुपये घालायलाच हवेत असं नाही.

स्पर्धेला फोटो पाठवणाऱ्यांसाठी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय संघटना फियाप, जिच्याशी आपली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी संलग्न आहे, तिची व्याख्या स्पष्ट आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी छटा म्हणजे मोनोक्रोम. संपूर्ण फोटोला एकच छटा दिली, उदाहरणार्थ सेपिया, तरी तो मोनोक्रोमच. पण अर्ध्याच भागाला छटा दिली, किंवा एखादा रंग घातला, तर तो रंगीत विभागात जातो. काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यावर फक्त लाल कुंकू ठेवलंत तर ते मोनोक्रोम नव्हे. फिल्म होती की डिजिटल, हे त्या व्याख्येत कुठेच विचारलेलं नाही.

आता हात चालवू.

(स्क्रीन रेकॉर्डिंग: लाल, हिरवा, निळा असे तीन चौकोन)

हे तीन शुद्ध रंग. काही सॉफ्टवेअरमधली 'डीसॅच्युरेट', म्हणजे रंग काढून टाकण्याची, कमांड देते... आणि बघा, तिन्ही चौकोन अगदी एकसारखे राखाडी! कारण फाइलमध्ये प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे, आणि ती कमांड त्यातल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्याची सरासरी काढते. तिन्हींची सरासरी 255 पैकी 128 च्या आसपास. हिरवी साडी आणि लाल काठ यांच्यातला फरक इथेच मरतो. रंग पुसलेला फोटो तो हाच. इथे कुणी काही ठरवलेलंच नाही.

आता दुसरी पद्धत. डोळ्याला हिरवा सर्वात उजळ वाटतो, निळा सर्वात गडद, म्हणून टीव्हीच्या जुन्या मानकात हिरव्याला सुमारे 59 टक्के, लालला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन दिलंय. त्या हिशेबाने हिरवा 150, लाल 76, निळा 29. लगेच जीव आला. पण हेही कारखान्यात ठरलेलं. तुमचं ठरवणं सुरू होतं ते ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये, जिथे प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मोबाइलवरच्या स्नॅपसीड ॲपमध्येही ब्लॅक अँड व्हाइटला रंगीत फिल्टर मिळतात.

माझी कामाची पद्धत सांगते. कॅमेरा रॉवर, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइलवर, पण पडद्यावरचा प्रिव्ह्यू मोनोक्रोम. म्हणजे फोटो काढताना रंग भुलवत नाहीत, आणि फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. मग कॉम्प्युटरवर पहिला प्रश्न, या फोटोत डोळा कुठे जायला हवा? या नऊवारीच्या फोटोत मला चेहरा हवा होता. म्हणून लाल आणि नारिंगी थोडा वर नेला, त्वचा उजळली. पण कुंकू बुडायला लागलं. तेव्हा लाल परत खाली आणून नारिंगीच वर ठेवला. त्वचेत नारिंगी जास्त असतो आणि कुंकवात लाल, त्यामुळे दोघं सुटे झाले. साडीचा हिरवा खाली ओढला, ती चेहऱ्यामागे शांत झाली. हा तिसरा फोटो, मला हवा होता तो.

एक सावधगिरी. आकाश काळं करायच्या हौसेने निळा स्लायडर तळाला नेऊ नका. निळ्या रंगात नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, जास्त असतो, तो दाण्यांसारखा वर येतो, आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मोबाइलच्या जेपेगमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये, तर आकाशाचे पट्टेच पडतात. थोडं खाली आणा, मग फोटो शंभर टक्के मोठा करून डोंगराची कड तपासा, आणि रेघ दिसली तर तिथूनच मागे या.