मुंग्या नसलेला टीव्ही

श्रोतेहो, नमस्कार.

दूरदर्शनच्या जुन्या दिवसांत एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसरा खालून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की दिशा बरोबर. आज ज्या टीव्हीबद्दल बोलायचं आहे, त्यात मुंग्याच नाहीत. चित्र येतं तेव्हा लख्ख येतं, नाहीतर पडदा काळा. त्यामुळे इथे छत्री जुळवायची ती चित्राकडे नव्हे, आकड्याकडे बघून.

हा टीव्ही हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा. कतारचा एसहेल-2 हा उपग्रह 15 नोव्हेंबर 2018 रोजी सुटला आणि 25.9 अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. त्यावरच्या हॅम ट्रान्सपाँडरांना, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणाऱ्या यंत्रांना, क्यूओ-100 म्हणतात. भूस्थिर कक्षेत हॅम लोकांना मिळालेली ही पहिलीच जागा. त्यातला रुंद पट्टा, 10491 ते 10499 मेगाहर्ट्झ, डिजिटल टीव्हीसाठी आहे. पाठवायचं असेल तर परवाना लागतो, आणि त्यात कोणते पट्टे दिलेत ते नीट वाचायला हवं. आज फक्त चित्र उतरवण्याबद्दल बोलू.

इंदूरच्या गच्च्यांवर फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात. ही छत्री मात्र धारकडे वळवायची. नेमकं सांगायचं तर उत्तरेपासून 252 अंश, धारच्या रेषेपेक्षा किंचित दक्षिणेला. क्षितिजापासून उंची जेमतेम 29 अंश. ऑफसेट छत्रीचा (जिचा दांडा खालच्या कडेतून पुढे येतो) स्वतःचा कोन साधारण 25 अंश असतो, म्हणून ती जवळजवळ उभीच दिसते. "ही तर समोरच्या इमारतीकडे बघतेय" असं वाटेल, पण ते बरोबर आहे. माप 90 सेंटिमीटरचं घ्यावं. 60 ची छत्री कोरड्या दिवशी चालून जाईलही, पण पावसाळ्यात हाती काही शिल्लक राहत नाही.

खरी चूक होते ती एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, पिळात. उपग्रह इतका पश्चिमेला आहे की त्याचं आडवं ध्रुवण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, आपल्याकडे पोहोचताना 61 अंश कललेलं असतं. छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा. एलएनबीचा कनेक्टर खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी असतो. क्लॅम्प ढिला करून तो आठच्या जागी आणा. हे राहिलं तर सिग्नलचा जेमतेम चौथा हिस्सा हाती येतो, सहा डेसिबलचं नुकसान. मग माणूस छत्रीला दोष देत ती बदलतो, केबल बदलतो, आणि एलएनबी तसाच सरळ राहतो.

एलएनबी पीएलएलचा, म्हणजे क्रिस्टलने वारंवारता स्थिर ठेवणारा, आणि 9750 मेगाहर्ट्झ लोकल ऑसिलेटरचा घ्या; आलेल्या वारंवारतेतून हा आकडा वजा होऊन सिग्नल केबलवर उतरतो. आडव्या ध्रुवणासाठी त्याला 18 व्होल्ट द्यावे लागतात. 13 दिले तर तो उभं ध्रुवण घेतो. बीकन, म्हणजे उपग्रहावरून सतत येणारा खुणेचा सिग्नल, 10491.5 वर आहे. त्यातून 9750 वजा केले की केबलवर 741.5 उतरतं. इथेच नेहमीचा सेट-टॉप बॉक्स अडतो, कारण तो 950 च्या खाली ऐकत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मिनीट्यूनर हा हॅम मंडळींनी बनवलेला यूएसबी रिसीव्हर. दुसरा उपाय एलएनबीतला 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून 24 चा बसवण्याचा. मग ऑसिलेटर 9360 वर येतो आणि बीकन 1131.5 वर, बॉक्सच्या टप्प्यात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर पहिलाच मार्ग बरा.

741 ची आणखी एक डोकेदुखी आहे. 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोबाइल फोन 703 ते 748 वर पाठवतात. आरजी-6 केबलचं जाळं कनेक्टरजवळ तुटलेलं असेल, तर खिशातला फोन बोलू लागताच चित्र गोठतं. एफ कनेक्टर उघडा आणि जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकलेली नाही ना, ते बघा. पाणी आत जाऊ नये म्हणून एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्या.

आता जुळवणी. बीकनसाठी रिसीव्हरमध्ये डीव्हीबी-एस2 (प्रसारणाची पद्धत), 1500 किलोसिम्बॉल (वेग) आणि एफईसी 4/5 (पाचातले चार बिट मजकुराचे, एक चुका सुधारायला) भरा. 90 सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत सव्वादोन अंशांचा असतो, म्हणून बोटभर सरकवा, थांबा, आकडा वाचा. एमईआर नावाचा, सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारा हा आकडा 4.7 डेसिबलच्या वर गेला की चित्र उघडतं. पण तिथे नट आवळून खाली उतरू नका. उंबरठ्याच्या वर तीन-चार डेसिबल जमेस हवेत, नाहीतर पहिल्याच सरीत पडदा काळा होईल. पिळही याच आकड्यावर शेवटचा जुळवा, कनेक्टर आठच्या थोडा मागे-पुढे करत.

बीकन स्वच्छ दिसतो, पण एखाद्या हॅमचं चित्र तुटक येतं, तेव्हा दोष बहुधा तुमच्या छत्रीचा नसतो. 720 बाय 576 ठिपक्यांचं साधं चित्र न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे 124 मेगाबिट लागतात. 333 किलोसिम्बॉलच्या अरुंद सिग्नलमधून, एफईसी 3/4 धरून, फक्त 495 किलोबिट जातात. त्यातून 32 आवाजाला, थोडे वाहिनीची माहिती देणाऱ्या तक्त्यांना आणि जागा भरणाऱ्या मोकळ्या पॅकेटांना गेले की चित्राला 400 च्या आसपास उरतात. म्हणजे तीनशे भागांतला एक ठेवायचा! चित्र दाबणारा एन्कोडर हे करतो एक पूर्ण चौकट पाठवून आणि पुढे फक्त बदल पाठवून. पूर्ण चौकट दर सेकंदाला पाठवली तर बिट तिथेच संपतात आणि चेहरे चौकोनी होतात. दहा सेकंदांनी पाठवली तर मध्येच आलेला प्रेक्षक तेवढा वेळ काळा पडदा बघतो. 25 चौकटींच्या वेगाला दर 50 चौकटींनी एक, हा मध्यम मार्ग. तरीही कॅमेऱ्यासमोर कुणी अचानक हात हलवला की बिटांची मागणी उसळते आणि बफर ओसंडतो. मागचा पडदा साधा, कॅमेरा स्टँडवर आणि उजेड भरपूर असेल तर त्याच 400 किलोबिटांत चेहरा किती नितळ दिसतो! अंधारात चित्रावर दिसणारी बारीक ठिपक्यांची खसखस एन्कोडरला हालचालच वाटते आणि तो तिच्यावर बिट उधळतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारी चार ते साडेचारच्या सुमारास, इंदुरातून पाहता सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. चित्र काही मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं, तेव्हा छत्रीला हात लावू नका. छत्री अजून बसवलीच नसेल, तर त्याच वेळी गच्चीवर जा. जिथे छत्री ठेवायची तिथे टाकीची किंवा शेजारच्या आंब्याची सावली पडत असेल, तर उपग्रहाची वाटही त्याच टाकीने, त्याच आंब्याने अडवलेली आहे. ऊन असेल तिथे खुंटी ठोका.