छताखालची झोप

(दृश्य: पहाट. जुन्या गावठाणात दगडांचे ढीग, त्यातून उगवलेल्या बाभळी.)

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून किल्लारीतली माणसं उशिरा अंथरुणाला टेकली होती. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली.

गेली ती बहुतेक स्वतःच्याच घराखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. हे माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं. पावसाळ्यात गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, आणि ते सगळं ओझं त्या पहाटे एकदम खाली आलं.

(दृश्य: पत्र्याच्या शेडांची रांग. जुनं छायाचित्र.)

प्रेतं इतकी होती की चिता एकत्र रचाव्या लागल्या. आपलं माणूस नेमकं कुठल्या चितेवर होतं, हेही अनेकांना कळलं नाही. मग बावन्न गावं नव्या जागी वसली. घर किती चौरस फुटांचं, हे जमिनीच्या मालकीवरून ठरलं: अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे. रस्ते रुंद, आखणी शहरासारखी. पण जुन्या गल्लीतला शेजार त्यात विस्कटला. दुःखात माणूस रडायला शेजारच्या ओट्यावरच जातो ना? तो ओटाच राहिला नव्हता.

आणि पक्क्या घरात झोप येईना. बाज अंगणात, नाहीतर पत्र्याखाली. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा हिशोब साधा होता.

याला मानसोपचारात पीटीएसडी म्हणतात, आघातानंतरचा ताणविकार. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या आग्रहातून हे नाव १९८० मध्ये अमेरिकी निदानसूचीत आलं. तीच पहाट पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, झोपेतून दचकून उठणं, त्या जागेकडे पाऊल न वळणं, जिवाभावाच्या माणसांबद्दलही काही न वाटणं. हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं तरच निदान करतात. पहिल्या काही दिवसांतली धडधड हा आजार नाही. इतकं घडल्यावर ती व्हायचीच.

पण दवाखान्यात येणारा माणूस यातलं काहीच सांगत नाही. अंग दुखतंय, डोकं जड आहे, छातीत कळ येते, एवढंच. डॉक्टर घाईत असेल तर हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते आणि विषय संपतो. त्यात राज्याची मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात तेव्हा एकही नव्हतं.

(दृश्य: नव्या गावातली संध्याकाळ. अंगणात बाज.)

किल्लारीत मानसोपचारासमोर आणखी एक पेच होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, इथे धक्के बसतच होते. लोक घाबरले होते, आणि वर्षभरातच ती भीती खरी ठरली. अशा माणसाला ‘घाबरू नका, काही होत नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याची भीती चुकलेली नाही. ती वेळ उलटून गेल्यावरही जागी आहे, एवढंच. हा फरक ज्या डॉक्टरला कळत नाही, त्याच्यापेक्षा गावातली शहाणी म्हातारी बरी, असं आम्हाला वाटतं.

उपचार आहेत. निव्वळ झोपेच्या गोळ्यांनी भागत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्या इथेही उपयोगी पडतात, पण खरं काम बोलण्यातून होतं, आणि तेही सावकाश. घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी फार चालायची. ती फायद्याची नाही, हे पुढे अभ्यासांतून दिसलं. त्यापेक्षा आधी अन्न, निवारा, हरवलेल्यांची खबर. मग विश्वास बसला की त्या रात्रीची गोष्ट थोडी थोडी, सांगणाऱ्याला झेपेल तेवढीच.

आणि टाळलेल्या जागेकडे पायरीपायरीने परत जायचं. अंगणातली बाज आधी ओसरीवर घ्यायची. काही रात्रींनी उंबऱ्याच्या आत, दाराच्या अगदी लगत, जिथून आभाळ दिसतं. मग आणखी आत, भिंतीकडे. दार लावायचं की उघडं ठेवायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.