लेव्हिनची पात

मंडळी, ‘विचार करू नकोस’ असा सल्ला देणाऱ्याला बहुधा झोप छान लागत असावी. उद्याचं भांडण जो आज रात्रीच अंथरुणात भांडून घेतो, त्याला या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. मी त्यातलाच.

पुस्तक वाचा, मन शांत होईल, असंही सांगतात. टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’मध्ये अ‍ॅना आगगाडीत तेच करून बघते. खुर्चीच्या हाताला छोटा दिवा अडकवलेला, हातात पुस्तकाची जोडलेली पानं कापायची सुरी, समोर इंग्रजी कादंबरी. आधी लक्षच लागत नाही. मग लागतं, आणि तेव्हा तर पंचाईतच होते. दुसऱ्यांची आयुष्यं वाचत बसणं तिला नकोसं होतं, कारण तिला स्वतःलाच जगायचं असतं! कादंबरीकारानंच कादंबरीची केलेली ही फजिती मला फार आवडते.

खरा अस्वस्थ प्राणी मात्र याच कादंबरीतला लेव्हिन. हा जमीनदार आदल्या वर्षी कारभाऱ्यावर भडकला होता, तेव्हा राग घालवायला त्यानं एका शेतकऱ्याच्या हातातला लांब दांड्याचा विळा घेऊन गवत कापलं होतं. यंदा तो दिवसभर कापायचं ठरवतो. लोक हसतील, भाऊ काय म्हणेल, ही धाकधूक आहेच. पुढे तीत नावाचा शेतकरी, मागे हा. पहिल्या पातीत, म्हणजे गवताच्या पहिल्याच पट्ट्यात, दम निघतो. आता थांबूया म्हणावं, तेवढ्यात तीत आपणहून थांबतो आणि विळ्याला धार लावतो.

पुढे कधीतरी विळा आपसूक चालू लागतो. किती वेळ झाला विचारलं असतं, तर अर्धा तास म्हणाला असता. प्रत्यक्षात दुपारच्या जेवणाची वेळ होत आलेली. पण आपण काय करतोय हे आठवलं, जरा आणखी नीट कापू म्हटलं, की हात जड होतात आणि पात बिघडते. डोळे मिटून बसल्यावर ‘झालो का शांत?’ असं स्वतःला विचारून बघा, म्हणजे लेव्हिनचं दुखणं कळेल.

शेजारच्या म्हाताऱ्याला हा त्रास नाही. कापता कापता तो रानफळं वेचतो, पक्ष्याचं घरटं दाखवतो, आणि धारेचा दगड ठेवायच्या डबीतून लेव्हिनला ओढ्याचं पाणी पाजतो. कोमट, हिरवं काहीबाही तरंगणारं, गंजाची चव असलेलं. लेव्हिनला वाटतं, असं पेय आपण कधी प्यायलोच नाही.

घरी आल्यावर स्वारी भावाला सांगते, वैद्यकशास्त्राला मी नवा शब्द देणार आहे: श्रमचिकित्सा. बघा, अंगावरचा घाम वाळला नाही तोच डोकं पुन्हा सुरू!

आणि ते तसंच चालू राहतं. पुढे एकदा तो गवताच्या गंजीवर रात्र काढतो. सगळं सोडून शेतकऱ्यांसारखं साधं जगायचं, असा निश्चय करतो. डोक्यावर शिंपल्यासारखे पांढरे ढग जमलेले असतात. पहाटे रस्त्यानं एक घोडागाडी येते, खिडकीत किटी. जिनं त्याला नकार दिला होता, तीच. गाडी निघून जाते. लेव्हिन वर बघतो, तर शिंपला नाहीसा झालेला.