माळ म्हणजे पडीक नव्हे

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय माळाबद्दल. सोलापूरजवळचं नान्नज तुम्हाला ठाऊक असेलच, 1979 पासून तिथं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे.

मी कॉलेजात होतो. एनएसएसच्या कॅम्पला आम्ही पोरं त्याच भागातल्या एका माळावर झाडं लावायला गेलो, जूनचा पहिला पाऊस पडून गेलेला, ट्रॅक्टरभर रोपं, हातात टिकाव, आणि मी जोशात पहिला घाव घालणार तेवढ्यात एक धनगर मामा काठी उंचावून ओरडत आले, "आरं थांब, पायाखाली बघ की!" मला काहीच दिसेना. खडे, कुसळं, माती. मामांनी काठीचं टोक टेकवलं तेव्हा कुठं दिसलं, बुटापासून वीतभर लांब टिटवीची चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, काळे ठिपके, निमुळती टोकं आत केलेली. घरटं कसलं, नुसता खळगा! वर टिटवी केकाटत होती आणि आम्ही मघापासून म्हणत होतो, काय कलकलाट लावलाय हिनं. मामा म्हणाले, "पोरांनो, हितं झाड आलं की कावळा बसायला जागा झाली. मग अंडं ऱ्हातंय व्हय?"

माळढोकही असाच उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. देशात तो दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात. पण माळ एकट्या त्याचा नाही, लांडगा, खोकड, काळवीट, धाविक पक्षी, सगळ्यांचं घर तेच. म्हणून परत सांगतो, माळ म्हणजे पडीक नव्हे. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया लावून तिथं जंगल होत नाही, गवत मात्र जातं. आणि चराई सरसकट बंद करा असंही नाही, पाळीपाळीनं चारा, मेंढरं फिरती राहिली की गवताला सवड मिळते.

माळढोक ज्वारीच्या रानातही नाकतोडे टिपत फिरायचा. आता तिथं ऊस. ऐकताय ना, माळ म्हणजे पडीक नव्हे.

त्या दिवशी रोपं आम्ही गावातल्या शाळेभोवती लावली. परतताना पाहिलं, शेवटचं कोकरू पुढं जाईपर्यंत मामा त्या खळग्यापाशी काठी आडवी धरून उभे होते.