निळ्या टोपणाची नळी

शिरेतलं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत उतरतंय. नळीच्या तळाशी ०.३ मिलिलिटर सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, आधीपासून आहे. त्यात २.७ मिलिलिटर रक्त हवं, म्हणजे बरोबर खुणेपर्यंत. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, उगाचच वाढलेला दिसतो. त्या आकड्यावर विसंबून रक्त पातळ ठेवणारी गोळी कमी केली, तर हृदयातल्या कृत्रिम झडपेवर गुठळी धरू शकते. खुणेकडे रुग्णानेही जरूर पाहावं.

हृदयात धातूची झडप बसवली की वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या इथे चालत नाहीत. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) जागी धातूची झडप असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, तुमची मर्यादा डॉक्टर ठरवतात.

यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे घटक बनवतं. गोळी नेमकी तिथे आडवी येते. पण आधी बनलेले घटक रक्तात फिरतच असतात. त्यांतला सातवा घटक काही तासांत निम्म्यावर येतो, प्रोथ्रॉम्बिन या घटकाला मात्र अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज डोस बदलून उद्या तपासणी करण्यात अर्थ नाही.

थंडीत मेथी-पालक स्वस्त होतो, रोज ताटात येतो आणि त्यातल्या 'के' जीवनसत्त्वामुळे आयएनआर घसरतो. पालेभाजी सोडू नका. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. सलग उपवासांत पोटात अन्न कमी जातं, तेव्हा उलट घडतं. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल आकडा झपाट्याने चढवतं, टीबीचं रिफाम्पिसिन पाडतं. असं औषध सुरू करताना आणि थांबवतानाही डॉक्टरांना कळवून तपासणी लवकर करा.

गोळी संध्याकाळी घ्या. दुपारी रिपोर्ट आला तर त्याच दिवशी डोस बदलता येतो. चुकली आणि त्याच रात्री आठवलं, तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. काळी शौच, लाल लघवी, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा डोक्याला मार लागला तर रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

आता ही वही पाहा: तारीख, आयएनआर, डोस. डोसाच्या रकान्यात 'दीड गोळी' लिहिलंय. इथेच घात होतो. दुकानातून १ ऐवजी २ मिलिग्रॅमची पट्टी आली, की तीच दीड गोळी दुप्पट डोस होते. तिथे लिहा: १.५ मिलिग्रॅम.