पलीकडच्या खोलीतला टीव्ही

(पडदा काळा. फक्त आवाज.)

पडद्यावर मुद्दामच काही ठेवलेलं नाही. नुसतं ऐका. टुणटुण उड्या मारणारं संगीत. एक किरटा आवाज. खिदळणं. पुन्हा तेच संगीत.

लहान मुलांचे कार्यक्रम बहुतेक आईबाबांना माहीत असतात ते असेच, ऐकून. मूल टीव्हीसमोर बसलेलं आणि आपण पलीकडच्या खोलीत हातातलं काम उरकतोय. जेमतेम वीस मिनिटं मिळालेली असतात. ती बसून कार्टून बघण्यात कोण घालवणार?

त्यामुळे आपली मतंही कानांनी बनवलेली असतात. "किती किंचाळतात ती!" "सारखं तेच तेच." "तो रडका मुलगा नको हं लावूस."

(दृश्य: सोफ्यावर एकटं मूल, मान वर, तोंड किंचित उघडं.)

रडका मुलगा म्हटलं की अनेक देशांतल्या पालकांना एकच नाव आठवतं, 'कायू'. कॅनडात १९९७ साली सुरू झालेली मालिका. त्यातला चार वर्षांचा मुलगा कुरकुरतो, हट्ट करतो, भोकाड पसरतो. २०२१च्या जानेवारीत अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीनं ती थांबवली, तेव्हा इंटरनेटवर पालकांनी अक्षरशः आनंद साजरा केला. मुलांची तक्रार मात्र नव्हती. त्यांच्या दृष्टीनं तो आपल्याच वयाचा, आपल्याएवढ्याच अडचणी असलेला एक मुलगा होता. आता, मुलं त्याला बघून रडायला शिकतात का? माझ्या अनुभवात मुलांना ते आधीपासूनच उत्तम येत असतं.

दुसरी तक्रार, तेच तेच असण्याची. इथं जरा थांबू.

१९९७मध्येच बीबीसीवर 'टेलिटबीज' आली. चार गुबगुबीत प्राणी, बोबडे बोल. त्यांच्या पोटावरच्या पडद्यावर खऱ्या मुलांची छोटीशी फिल्म दिसायची, ती संपली की चौघं "पुन्हा, पुन्हा!" म्हणून ओरडायची आणि अख्खी फिल्म जशीच्या तशी परत लागायची. मोठी माणसं हैराण. बोबडं बोलून मुलांची भाषा बिघडेल, अशीही ओरड झाली.

त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' सुरू झाली होती, तिथं तर याहून पुढचं पाऊल होतं. एकच भाग सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस. एखाद्या पालकाला वाटावं, वाहिनीकडे नवीन काही उरलेलं नाही! पण यावर अभ्यास झाला आणि उलटंच दिसलं. मुलं कंटाळली नाहीत. पहिल्या दिवशी ती गप्प बसून बघायची. दिवसागणिक त्यांना गोष्ट जास्त कळत गेली, आणि मग ती टीव्हीला उत्तरं द्यायला लागली. आपल्याला जे रटाळ वाटतं, ते मुलाला 'आता मला येतंय' असं वाटत असतं. झोपताना तीच गोष्ट, तेच शब्द, एकही शब्द बदललेला न खपणारं मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या मालिकेत आणखी एक युक्ती होती. निवेदक कॅमेऱ्याकडे बघून प्रश्न विचारायचा आणि चक्क गप्प राहायचा. मुलाला विचार करून उत्तर द्यायला पुरेल इतका वेळ. पलीकडच्या खोलीतून ही शांतता ऐकली, तर वाटावं की टीव्ही बिघडला.

(दृश्य: गाडीत मुलाचा पट्टा लावणारे हात.)

अर्थात कधीकधी पालक समोर बसून नीट बघतात, आणि तेव्हा त्यांची नजर फार तीक्ष्ण असते. 'पेपा पिग'च्या सुरुवातीच्या भागांत डुकरांचं अख्खं कुटुंब गाडीतून फिरायचं, पण सीटबेल्ट कुणालाच नाही. पालकांनी तक्रार केली. घरी रोज पट्ट्यावरून भांडण, आणि इथं हे! निर्मात्यांनी ऐकलं, जुनी दृश्यंसुद्धा बदलून पट्टे घातले. याच मालिकेच्या एका भागात सांगितलं होतं की कोळी लहान असतो, तो काही करत नाही. ऑस्ट्रेलियात, जिथं काही कोळी खरोखर विषारी आहेत, तो भाग प्रसारणातून काढावा लागला.

पालकांना सोफ्यावर आणून बसवायचा प्रयत्न सर्वांत जाणीवपूर्वक केला तो १९६९मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'नं. या कार्यक्रमाचे संशोधक चाचणी घेताना टीव्हीशेजारी दुसरा पडदा ठेवायचे आणि त्यावर दर सात-आठ सेकंदांनी नवं चित्र टाकायचे. मुलाची नजर तिकडे वळली, की समजायचं, कार्यक्रमाचा हा तुकडा फसला. मुलांसाठी एवढी मेहनत. आणि मोठ्यांसाठी? त्यांच्यासाठी विडंबनं, नावाजलेले पाहुणे, मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद. कारण मोठं माणूस शेजारी बसून बोलत असलं की मूल जास्त शिकतं, हे त्यांना ठाऊक होतं.

किंचाळण्याची आणि धावपळीची तक्रार मात्र नुसती कानांची नाही. २०११ साली अमेरिकेत साठ मुलांवर एक प्रयोग झाला, सगळी चार वर्षांची. काहींनी नऊ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलं, काहींनी संथ मालिका, काहींनी चित्रं काढली. लगेच नंतर लक्ष देण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या खेळांत वेगवान कार्टूनवाली मुलं मागे पडली. प्रयोग छोटा, परिणामही तेवढ्या वेळेपुरताच तपासलेला. गंमत म्हणजे, यातली संथ मालिका होती तीच आपली रडकी 'कायू'.

(दृश्य: रिकामी खोली, टीव्ही चालू, जमिनीवर ठोकळे.)

आणि कुणीच बघत नसलेला टीव्ही? मोठ्यांच्या बातम्या, मोठ्यांचे कार्यक्रम, सोबतीला म्हणून लावलेले. एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना असा टीव्ही लावून पाहिला गेला. मुलं त्याकडे अगदी क्षणभरच बघत. तरी त्यांचे खेळ लवकर तुटत, एक सोडून दुसरं. आईबाबांचं मुलांशी बोलणंही अशा वेळी कमी होतं, हे दुसऱ्या अभ्यासात दिसलं. पालकांच्या तक्रारींत हा टीव्ही सहसा येत नाही. तो आपला असतो ना!

किती वेळ बघू द्यावं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलंय: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी असेल तर उत्तम. हे आकडे बहुतेकांना पाठ आहेत. अडतं ते बंद करताना.

आपण सगळे शहाणपणानं म्हणतो, "दोन मिनिटं राहिली हं." वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये पालकांकडून रोजच्या नोंदी घेतल्या, तेव्हा दिसलं की या सूचनेनंतर रडारड उलट वाढते. भाग आपोआप संपला किंवा बॅटरीच गेली, तर मुलं बऱ्यापैकी निमूट उठतात. वाद घालणार कुणाशी? आता मात्र एक भाग संपायच्या आत पुढचा सुरू होतो. पूर्वी 'संपलं' हे वाहिनी सांगायची, आता ते आईला सांगावं लागतं.

(पडदा पुन्हा काळा. फक्त आवाज.)

तेच संगीत. निवेदक विचारतो, "कुठं बरं असेल?" आणि थांबतो.

सोफ्यावरून एक आवाज: "मागे!"

तो अजून थांबलाय.

भांडी ठेवल्याचा आवाज. मग पलीकडच्या खोलीतून, जरा मोठ्यानं: "अरे, मागे बघ ना, मागे!"