इंदूरच्या अंगणात काय लावावं: काळ्या मातीचा कौल

मंडळी, नर्सरीत गेल्यावर आपली नजर आधी फुलावर जाते. इंदुरात ती आधी मातीवर जायला हवी. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. पावसाळ्यात मुळं गुदमरतात, उन्हाळ्यात बारीक मुळं तुटतात. हे दोन्ही सोसेल तेच झाड आपलं.

जागा ठरवण्याआधी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. पाणी जिरलं की पुन्हा भरा. हे दुसरं पाणी 24 तासांत उतरलं नाही, तर तिथे सोनचाफा किंवा पांढरा चाफा सपाटीवर लावू नका. 9 इंच ते फूटभर उंच ओटा करून लावा.

इथे एक चूक घरोघर होते. खोल खड्डा खणून काळी माती फेकतात आणि त्यात वाळू, पोयटा, शेणखत भरतात. तो खड्डा मग हौद होतो. चहूकडचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. जुलैत पानं मलूल होतात, घरचे तहान समजून आणखी पाणी घालतात आणि मुळं कुजतात. खड्डा दीड फूट खोल, पण तीन फूट रुंद घ्या. निघालेल्या काळ्या मातीतच चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळून भरा. पिशवी फाडल्यावर गोल गुंडाळलेली मुळं दिसली तर सोडवा किंवा कापा. बोगनवेलीची मुळं मात्र हलवू नका, ती फार नाजूक असतात.

झाडाच्या मुळांनी ओल ओढली की काळी माती आक्रसते आणि भिंतीला तडे जातात. म्हणून झाड पुरतं वाढल्यावर जेवढं उंच होईल, त्याच्या निदान निम्मं अंतर भिंतीपासून ठेवा. कांचन 20-25 फूट वाढतो, त्याला 12 फूट पुरतात. गुलमोहराचा विस्तार 30 फुटांच्या पुढे जातो, मुळं वरवर पसरतात, फांद्या वादळात मोडतात. प्लॉटच्या अंगणात तो नकोच. ओलसर जागी तामण चांगलं, अगदी लहान अंगणात सावनी.

वेलींमध्ये मधुमालतीला बांबू पुरत नाही, लोखंडी मांडव लागतो. तो नसेल तर जुई लावा. बोगनवेल नुसतीच पानं काढत असेल तर तिला पाणी जास्त होतंय. पाऊस संपल्यावर दोन-तीन आठवडे पाणी तोडा. संक्रांत वेल जानेवारीत फुलते, तिची छाटणी फुलं झडल्याबरोबर करा. दिवाळीत कापली तर त्या वर्षीचा बहर गेला.

झुडपांत इक्झोऱ्याचा मोह बहुतेकांना होतो. आपली माती अल्कधर्मी, त्यात बोअरचं पाणी जड. त्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फेरस सल्फेट मातीत घातलं तर ते लवकरच निकामी होतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, टिकतं, पण ते दरवर्षी द्यावं लागतं. एवढं करायचं नसेल तर कामिनी लावा. कण्हेरही इथे सुखाने वाढते, पण तिचे सगळे भाग विषारी आहेत. घरात रांगतं मूल किंवा दारात गाय असेल तर ती टाळा.

लागवड पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करा. मार्चपासून बुंध्याभोवती तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, म्हणजे भेगा कमी पडतात. तो खोडाला मात्र चिकटू देऊ नका, चार बोटं मोकळी सोडा.